कांडी

विट्याला आमच्या शाळेमागं माग होते.
खटक-खट, खटक-खट, पाढ्यांच्या तालात मिसळलेली,
आणि लाईट गेली की एकदम इतकं शांत
की शिंत्रे बाई बोलता बोलता थांबायच्या,
काहीतरी विसरल्यासारख्या.

नौशाद त्या खटखटीतून आला,
सहावीत, दिवाळीनंतर, मधेच.
भागलपूर नकाशात कुणी शोधलं नाही.
भय्या म्हणालो, झालं काम.
त्याच्या केसांत कापसाची पिंज असायची,
आम्ही म्हणायचो, म्हातारा झाला बघ भय्या.
तोही हसायचा. हसणं त्याला मराठीआधी आलं.

जयमाला तशी आमच्यातली, बलवडीची,
पण जन्मली त्रिशूरला.
बाप गलाईचा. सराफपेठेच्या मागं एक खोली,
भट्टी, मूस, तेजाबाचा पिवळा धूर,
त्या धुरात तिनं अक्षर गिरवलेलं.
बापाची छाती गेली तसं बिऱ्हाड गावी आलं.
भाकरी तिच्या तोंडी ‘तो’ व्हायची, दूध ‘ती’.
आम्ही तिला मद्रास म्हणायचो.
ती एकदा सहज म्हणाली,
‘तिथं मला हिंदीकारी म्हणायचे.
आणि हिंदी तर मला येत पण नव्हता.’
यावरही आम्ही हसलो. ‘नव्हता’वर.

मग सागरेश्वरच्या सहलीचे पैसे गेले.
बाईंच्या खणातून, सहाशे चाळीस रुपये.
कुणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती,
चाळीस माना एकाच बाकाकडं वळल्या.
मॉनिटर धनाजी उठला
आणि नौशादचं दप्तर फरशीवर उपडं केलं.

दोन वह्या. फडक्यात चपाती, आत मीठ-मिरची.
आणि कांड्या. रिकाम्या, सुताच्या कांड्या,
सात की आठ, घरंगळत बाकांखाली गेल्या,
एकीला अजून निळा धागा.
रात्री आईबरोबर भरायच्या त्या.
‘हे पण चोरीचंच असंल,’ कुणीतरी म्हणालं.
नौशाद गुडघ्यांवर बसून गोळा करत होता,
मोजत. पुन्हा मोजत.
एक कमी होती.

तेव्हा जयमाला उठली.
‘माझा दप्तर पण बघा,’ म्हणाली.
वर्गात खसखस पिकली, माझा दप्तर!
तिनं दप्तर उलटं केलं. कंपास आपटला,
कोनमापक उडून फळ्याखाली गेला.
‘मी पण बाहेरनं आले ना? मग बघा की.
त्याचाच का बघताय?
बाई, सगळ्यांचा बघा.’

शिंत्रे बाई खिडकीकडं बघत राहिल्या.
माग चालू होते. आज लाईटही जाईना.

मी तिसऱ्या बाकावर होतो.
दप्तर पोटाशी धरून.
मला उठता आलं असतं. आपलं दप्तर, आपलं गाव,
माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नसतं.
पण माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली,
त्याची एक कांडी होती.
भोवरा करायला घेतलेली. न विचारता.
चोरी म्हणावी एवढी नव्हे,
निदान तेव्हा मी असंच ठरवलं.

पैसे शनिवारी हजेरीच्या कव्हरात सापडले.
बाई म्हणाल्या, ‘चला, बरं झालं.’
एवढंच. धनाजी तर त्या दिवशी आलाच नव्हता.

सहलीत ते दोघं शेजारी बसले होते.
ती त्याला मराठी शिकवत होती,
तो दप्तर, ती दूध,
आणि तो मान डोलवत पाठ करत होता.
मागच्या सीटवरून मला सगळं ऐकू येत होतं.
मी चूक दुरुस्त केली नाही.
त्या मराठीत मला काही बोलायचा हक्क उरला नव्हता.

पुढच्या जूनला ती पुन्हा गेली, म्हणे सेलमला, चुलत्याकडं.
नौशाद आहे इथंच. भाड्यानं घेतलेले सहा माग,
मराठी माझ्यापेक्षा साफ, शिव्यांसकट.
परवा चादरी घ्यायला गेलो.
चहा पाजला त्यानं, पैसे कमी लावले.
कांडी माझ्या खिशात होती.
‘काय रे, काही विसरलास का?’ म्हणाला.

खटक-खट, खटक-खट.
म्हणालो, नाही.