काडीपेटीचं माप

आमच्याकडे समुद्र नाही.
शेवंड पाहिली ती पोरीच्या मोबाइलवर :
हातभर मिशा, आणि होडीतला एक माणूस
तिच्या पाठीला पितळी पट्टी लावून बसलेला.
"बापू, नखभर कमी भरली तरी सोडून देतो तो.
तिकडं कायदाच आहे."
मी म्हणालो, करपरेच्या डोहालाही आहे.
कागदावर नाही एवढंच.
सटवाजी कचऱ्याच्या बंडीत असायचा तो,
बिड्यांच्या बंडलाशेजारी.

सटवाजी जातीचा भोई. पोटासाठी जाळं टाकायचा
आणि हौसेसाठी खेकडे धरायचा;
दोन्ही धंदे कधी एका टोपल्यात घातले नाहीत.
"हौसेचा खेकडा बाजारात नेला
की दुसऱ्या दिवशी हौस मरती," म्हणायचा.
घरातली ताटं मोजून निघायचा. ताटाला दोन.
पाहुणा आला तर त्यानं
आपल्या ताटातले द्यायचे, डोहाचे नाही.

पोळा झाल्याबिगर पाण्यात पाय नाही.
मिरगात तिच्या पोटाखाली लेकरं असतात,
ज्वारीच्या कण्यांएवढी, शेकड्यानं.
उलटी करून बघायची : पोटाची झडप चिंचोळी, तर नर.
भाकरीगत गोल, तर हात जोड आणि ठेव खाली.
कात टाकून मऊ पडलेला दिसला तर बत्ती फिरव.
"उघड्या माणसाकडं बघतेत का?"
पुनवेचा पोकळ, अवसेचा भरलेला.
धरायचा मागून, पाठीवर दोन बोटं;
चावलाच तर ओरडायचं नाही,
आपण त्याच्या घरात शिरलोय.

आणि शेवटी काडीपेटी.
पाठ तिच्याहून अरुंद, तर माघारी.

मी नवा वायरमन झालो त्या साली
गावातल्या पोरांना पार्टी पाहिजे होती.
आकडा टाकायला कुणाला जमेना.
पोलावर मी चढलो.
हातमोजे सरकारी, वायर सरकारी.

डोह एकदा शहारला,
बैलाची कातडी माशी बसल्यावर शहारते तसा.
मग पांढरं पांढरं वर यायला लागलं.
मासे पोरांनी गोणीत भरले.
खेकडे कुणी घेतले नाहीत, लहान होते म्हणून.

सकाळी सटवाजी आला.
मी वायर गुंडाळत होतो.
तो काठावर उकिडवा बसला, बंडीतून काडीपेटी काढली
आणि एकेकाच्या पाठीला लावून बघायला लागला.
मेलेल्यांच्या.
माघारी. माघारी. हा पण माघारी.
एकेक उचलून पाण्यात ठेवत होता,
अलगद, जणू चालत जाणार आहेत.
ऊन डोक्यावर आलं.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
उठताना त्यानं बिडी पेटवली
आणि काडीपेटी माझ्या हातावर ठेवली.
आत तीन काड्या होत्या.

सटवाजी जाऊन सोळा वर्षं झाली.

आता भादव्याची अवस. पोरगी पुढं, गुडघाभर पाण्यात,
कपाळाला बत्ती बांधून. घरात ताटं चार.
सात झालेत. आठवा तिनं दगडाखालून काढला,
चांगला काळा, नांगी उगारलेला, नर.
किराण्यातून आणलेली नवी काडीपेटी लावली.
"बसतोय बापू! बरोबर बसतोय!"

मी खिशातली जुनी काढून दिली.
कडा झिजलेल्या, वरून चिकटपट्टी,
चित्रातला वाघ पुसून नुसते पट्टे उरलेले.
हल्ली कंपन्या पेट्या लहान करतात,
किंमत तीच ठेवून.
जुनीला लावला. नखभर कमी.

तिनं तोंड वाकडं केलं, पण ठेवला खाली.
तो तिरपा तिरपा गेला,
नांगी शेवटपर्यंत आमच्याकडं रोखून.

"बापू, ही पेटी कुणाची?
आत तीन काड्या आहेत, पेटतील का?"

मी बत्ती विझवली.
सेल वाचवू, म्हणालो.