ओळखीची खूण

पेन्शनीच्या कागदात आजोबा एवढेच:
एलोजी हसाजी, दहावी पलटण,
उंची पाच फूट पाच इंच, चालचलणूक बरी,
ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण.

साहेबाला वाटलं असेल, मुलतानची लढाई.

उमरखाडीत सगळ्यांना ठाऊक,
तीन महिन्यांचा पगार बोटीवरच पत्त्यांत घालवून
हा गडी दारात उभा राहिला
आणि मिलकाआजीनं आमटीची डवली भिरकावली.
मग तीच हळद दाबून बसली रात्रभर,
शिव्या देत.

ते गेल्यावर, कुलाब्याच्या कचेरीत
कारकुनानं कागद वाचला.
तिचं नाव कुठेच नव्हतं.
खुणेपाशी आला, तशी
ती पदरात तोंड घालून हसली की काय,
मला नीट दिसलं नाही.
एवढंच म्हणाली:
"ती ओळ परत वाच, बाबा."