चुकीवर पाच भोकं

तारखात्यातून आले मी, त्रेपन्नच्या जानेवारीत.
बोटांचा वेग पाहून घेतलं त्यांनी,
गणित कोणी विचारलंच नाही.
आत खोलीभर कपाटं, काचेच्या नळ्यांचे दिवे,
ऊब एवढी की कोट काढून ठेवायचा.
बाहेर बर्कनहेडचं धुकं, मर्सी नदीचा भोंगा.

पाहुणे आले की डॉक्टर पिकव्हान्स मेंदूबद्दल बोलत.
पापणी लवायच्या आत शेकडो बेरजा, वगैरे.
तोंडाबद्दल कोणी बोलत नसे.
तोंड म्हणजे मी, ऑलिव्ह टायरर
आणि डाकघराने मोडीत काढलेलं एक टंकयंत्र.
हत्ती उपाशी,
आणि आम्ही त्याला चिमटीने साखर भरवतोय.

बोटभर रुंद कागदी फीत.
आडव्या ओळीत पाच जागा:
भोक, किंवा भोक नाही.
एवढीच त्याची बाराखडी.
चुकलं तर खोडता येत नाही,
भोक काही बुजत नाही.
मग फीत एक घर मागे घ्यायची
आणि त्या ओळीत पाचही पाडून टाकायची.
पाच भोकं म्हणजे काहीच नाही,
यंत्र वाचतं आणि पुढे जातं.
मला हे पहिल्याच दिवशी फार आवडलं.
आमच्या घरी चूक अशी संपत नसे.

ओल्या हवेत कागद फुगतो,
भोक केसभर सरकतं,
तिनाचा सात होतो.
म्हणून रीळं बिस्किटाच्या डब्यात,
डबा माझ्या खुर्चीखाली, हीटरला चिकटून.
"अंडी उबवतेस का, मिस फेझाकर्ली?"
एंटविसल रोज विचारायचा, रोज तेवढाच हसायचा.

त्या शनिवारी भरती-ओहोटीचे तक्ते हवे होते,
रविवारी सकाळी सातला छापखान्याचा माणूस येणार.
आकडा आत क्षणात तयार,
मग सगळी कपाटं हात बांधून उभी,
टंकयंत्र एकेक अक्षर ठोकतंय,
ठक, ठक,
म्हातारा जिना चढतोय जणू.
ऑलिव्ह खुर्चीतच झोपली.

पावणेचारला कसलीशी कळ अडकली.
अंकांऐवजी अक्षरं यायला लागली.
दोन पस्तीसच्या भरतीच्या जागी
डब्ल्यू, ई, टी.
ओलं.
"खरं बोलतंय गं!" ऑलिव्ह डोळे चोळत म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की एंटविसल तेलाची कुपी घेऊन धावत आला,
उघडून पाहिलं, मान हलवली.
सुटा भाग मँचेस्टरला. सोमवारी.

पण वरची ओळ माझ्या बोटांना पाठ होती:
क्यू म्हणजे एक, पी म्हणजे शून्य,
अकरा वर्षं तारा ठोकल्या होत्या.
ते अक्षरं ओकत राहिलं,
मी शेजारच्या साध्या टाइपरायटरवर
त्यांचे आकडे करत राहिले.
मेंदू माझ्यासाठी थांबत होता.
असं माझ्यासाठी कोणी थांबल्याचं आठवत नाही.

सात वाजता माणूस आला,
टोपी न काढताच कागद घेऊन गेला.
फ्रॉकवर, केसांत कागदाच्या बारीक टिकल्या,
ऑलिव्ह म्हणाली, लग्नातून आल्यासारखी दिसतेस.

बोटीच्या धक्क्यावर उभी राहिले तेव्हा आठवलं:
ऑगस्टच्या एका ओळीत, बहुतेक एकोणिसाव्या,
बोट चारऐवजी पाचावर पडलं होतं.
बहुतेक.
पाणी आपल्या वेळेला चढत होतं.
आणि त्या साध्या कागदावर
पाच भोकांची सोय नव्हती.