शेरा

मे महिन्यातलं प्रशिक्षण, सात दिवसांचं, सेवांतर्गत.
सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा वरचा हॉल,
तीन पंखे, त्यातला एक नुसता आवाजापुरता.
आधी मस्टरवर सही, मग लिंकवर हजेरी,
मग फलकासमोर उभं राहून फोटो,
त्यात अक्षांश-रेखांश दिसलेच पाहिजेत.
लोणारे सर म्हणाले, भूगोलवाल्यांचं बरंय,
त्यांना निदान ते आकडे कळतात.

चौथ्या दिवशी तांबोळी मॅडम आल्या.
पीपीटी नव्हतं. पिशवीतून काढलं
एक घडी उसवलेलं रेशनकार्ड.
म्हणाल्या, लिखित, भौतिक, मौखिक
चौकटी आखून शिकवता ना साधनं,
त्यातलं एक तरी हातात घेतलंय कधी?
हॉल गप्प.
मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले
कारणं पाच, परिणाम चार.
पाचवा परिणाम कोणी विचारला नाही.

तीन प्रश्न दिले त्यांनी, बाकी काही नाही:
कोणी लिहिलं? कोणासाठी? काय गाळलं?
आणि लांब जाऊ नका म्हणाल्या,
शाळेतलं लोखंडी कपाट उघडा.

दांडेकर पुलाजवळची आमची मनपा शाळा.
कपाटात जनरल रजिस्टरं, दाखल्यापुरती उघडलेली,
वाचली कोणीच नव्हती.
जूनमध्ये सातवीच्या पोरांपुढे ठेवली.
कोपरे झुरळांनी खाल्लेले, शाई तपकिरी.
केरबा, बाप बिगारी.
हौसा, बाप विडी कारखान्यात.
आणि जन्मतारीख: एक जून. एक जून. एक जून.
मुजम्मिल म्हणाला, बाई,
त्या दिवशी पुण्यात एवढी पोरं जन्मली?

वर्ग हसला. मीही.
मग सांगितलं, आईला आठवायचं
त्याच आठवड्यात शेजारची म्हैस व्यायली होती,
म्हशीची तारीख रजिस्टरात बसत नाही,
मग मास्तर लिहायचे एक जून.
माझीही तीच.
त्याच खोट्या तारखेवर मला नोकरी लागली,
त्याच तारखेवर निवृत्त होईन,
खरी कधीची ती आईबरोबर गेली.

पोरं पानं उलटत राहिली, पुढची, अलीकडची.
शेवटचा रकाना: शाळा सोडल्याचे कारण.
बदली. स्थलांतर. सतत गैरहजर.
सतत गैरहजर.
अचानक प्राची म्हणाली,
बाई, हे अक्षर फळ्यावरचं आहे.

सोनम घाटविसावे. सातवी.
माझंच अक्षर, माझ्याच 'स'ची लांबलेली शेपटी.

गैरहजर कुठली? रोज दिसायची मला
पुलाच्या अलीकडे, सार्वजनिक नळावर,
कडेवर भाऊ, पुढ्यात दोन घरची भांडी,
सकाळी पावणेसातला, रविवारसुद्धा.
मला बघून पदर नव्हता तरी
पदर सारखा केल्यासारखं करायची.
एवढी हजेरी माझ्या वर्गात कोणाचीच नव्हती.
रकाना दोन बोटं रुंद. त्यात मावेल ते लिहिलं.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
नियम आहे, आणि बरोबर आहे.
मी पोरांना सोनमचं सांगितलं,
नळ, भाऊ, पावणेसात, सगळं.
सांगताना खडू उगाच हातात घेतला, लिहिलं काही नाही.
कोणी हसलं नाही.

ऑगस्टात प्रमाणपत्र आलं,
नावात र्‍हस्व-दीर्घाची चूक.
सोबत एक फॉर्म: प्रशिक्षणाचा वर्गात झालेला उपयोग,
वीस शब्दांत.
तो अजून पर्समध्ये आहे, पासाच्या मागे.

मुजम्मिलची वही मात्र तपासून झाली.
त्यानं चौकट आखलीय, पट्टीनं, नीट:
साधन: रजिस्टर.
लिहिणारी: आपल्या बाई.
विश्वासार्हता: सोनमताईला विचारावं लागेल.

खाली मी सही केली.
शेरा लिहायला पेन टेकवलं होतं.