नवतपा

सदरच्या दुकानात डिक्रूझ म्हणाले,
"पाठीवर टिचकी मार. टरबूज घेतोस ना, तसं ऐक."
तिसरी बोलली. जरा घोगरी,
गळ्यापाशी ओरखडा.
तीच घेतली.

आता पारा सेहेचाळीस.
दारंसुद्धा आकसलीत, कडी लागत नाही,
कूलरचा वाळा दुपारीच कोरडा.
साबणदाणीत ओला स्पंज घालून
रोज तिच्या पेटीत ठेवतो
आणि स्वतः माठाकडे जायचं विसरतो.

बायको म्हणते, उजवी नखं कापा ना,
तिकीट देताना बायका बघतात.
डावी कापलीत की, म्हणतो.

रात्री वीज गेली.
गच्चीवर नायलॉनच्या तारा सैल,
अर्धा सूर खाली.
पिळल्या नाहीत. तशीच वाजवली, उतरलेली,
मग घाम पुसायला हात थांबला.

शेजारच्या गच्चीवरून, खाटेवरून, अंधारातून :
थांबला काऊन गा?