एकोणसाठ

फोनवर एदेलमिरा एवढंच म्हणाली :
"बघतो माझ्याकडे, पण ऐकत नाही."
नवऱ्याबद्दल असेल वाटून मी क्षणभर गप्प.
मग कळलं, कॉम्प्युटर.

किन्चाओ बेटाची फेरी वाऱ्यानं दोन तास अडवलेली.
पोचलो तेव्हा चुलीवर लोकरीचे मोजे वाळत होते
आणि टेबलावर तो, करड्या खोक्याचा, जुना :
पंखा घरघरतोय, कोपऱ्यातलं घड्याळ पुढे सरकतंय,
कर्सर लुकलुकतोय.
म्हणजे जीव आहे. हातपाय गेलेत.

माउस उलटा केला. पोटातला लाल दिवा विझलेला.
नम लॉक दाबलं, एकदा, दोनदा, चिडून सातदा,
हिरवा ठिपका उजळेना.
वायर काढली, फुंकर मारली, पुन्हा खोचली.
पुढची खाच. मागची खाच, जिथं मला कोळिष्टक चावल्यासारखं झालं.
बॅगेतला माझा कीबोर्ड लावला,
सगळी बेटं फिरलेला, कधीच न रुसलेला.
तोही मुका.
तेव्हा दोष बोटांचा नव्हता. मणक्याचा होता.

"बंद करून चालू करावा लागेल."
"नाही."
पिलांपुढे कोंबडी उभी राहते
तशी ती पडद्यापुढे.

पडद्यावर बटाट्यांची नावं होती.
एक्केचाळीस ते अठ्ठावन्न.
बोकडाचं शिंग. विधवेचा कोपर.
एक नुसताच 'उशिराचा'.
आई अंथरुणातून सांगत गेली गेल्या हिवाळ्यात,
हिनं कागद घेतला नाही, वाटलं राहील लक्षात.
ऑगस्टात ओतिलिया गेली.
आता आठवतील तशी उतरवत होती आठवडाभर,
मशीन एकदाही न विझवता.
"सेव्ह केलं होतंस?"
उत्तराऐवजी तिनं चुलीत लाकूड सारलं.

वर सरकवता येत नव्हतं.
दिसेल तेवढंच आपलं.
ती वाचत गेली, मी वहीच्या पानावर लिहीत गेलो,
चुका तिच्या, अक्षर माझं.
सत्तेचाळीसला ती हसली. का, ते सांगितलं नाही.

मग मी बटण दाबून धरलं. पडदा काळा.
केबल भिंतीतून उपसली
आणि पुन्हा बटणावर अंगठा, तीस आकडे.
"वीज काढली, मग आता कशाला?"
"आत थोडी उरते. ती ओसरू द्यायची."
"हं," ती म्हणाली. "उरते."

चालू केला. माउसच्या पोटात लाल.
नम लॉक हिरवं. मी उगाच ताठ बसलो.
आणि कुणी न विचारता मशीन म्हणालं,
वाचवलेली फाइल उघडू?
एक ते एकोणपन्नास, सगळे हजर.
पुढचे नऊ माझ्या अक्षरात.

"आणि एकोणसाठ?" मी विचारलं.
त्याच्याच वेळी थिजला होता.
नाव तिनं पुरतं दाबलं होतं, तीनदा,
कळांत गेलं, पडद्यावर आलंच नाही.
आता आठवेना.
डोळे मिटून बोटं ठेवली कळांवर.
बोटांनाही नाही.

उठली, शेडमध्ये गेली,
एक सुरकुतलेला जांभळा बटाटा आणून
कीबोर्डशेजारी ठेवला.
"हा. हाच."
चार डोळे, चारही कोंब फुटलेले.
आम्ही तिघं बसलो थोडा वेळ.

परतीच्या फेरीवर खिशात हात घातला
तर वहीचं पान माझ्याकडेच.
फोन लावला, वाऱ्यात ओरडून सांगू लागलो :
पन्नास, आंधळी! एक्कावन्न, पाद्र्याचं नाक!
लोक वळून बघायला लागले.
चौपन्नला शेजारचा म्हातारा माझी बाही ओढून म्हणाला,
"आमच्या बाजूला त्याला हे म्हणत नाहीत."
"मग काय म्हणतात?"
फोनमध्ये एदेलमिरा : "कोण आहे? काय म्हणतोय?"
फेरी धक्क्याला आदळली,
साखळ्या खणखणल्या,
म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.