घेवड्याच्या ताटात

"आधी मॅगझिन काढ. मग आत बघ. मग पुन्हा बघ.
बोट घालून बघ. डोळा खोटं बोलतो."
आबा पलंगावर, भिंतीला टेकून,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेले.
मोकळे सोडले तर थरथरतात,
आणि माझ्यासमोर थरथरलेले त्यांना चालत नाहीत.

रिकामं आहे. मी तीनदा बघितलं.
गोळ्या आईने मघाशीच कपाटात टाकल्या,
किल्ली कमरेला.

चौकटीवरून स्लाइड सुटली
तेव्हा बारीक आवाज झाला,
माझ्या मशीनची बॉबिनकेस सुटते तसा.
मी तसं बोलून गेले, तर म्हणाले,
"सगळी यंत्रं एकाच आईची, सुलभे.
सासरं तेवढं येगळं."

नळी निघाली. लांब स्प्रिंग निघाली.
काजळी, आणि रोकड गाडीतल्या प्रवासाची धूळ.
जबलपूरला सव्वीस वर्षं
दुसऱ्यांची हत्यारं उघडली, पुसली, मिटली.
घरी आल्यावर हे एक स्वतःचं,
कारखान्याच्या रोकड गाडीसाठी.
चौदा वर्षं कमरेला. बाहेर काढलं ते फक्त
निवडणुकीआधी ठाण्यात जमा करायला.

सुट्या भागांना ताट घेतलं आईचं,
घेवडा निवडायचं.
काठाला चार दाणे होते अजून,
लालसर, अंगावर वाघाचे पट्टे.
त्यांच्याशेजारी पिन, पिनेशेजारी नख्या,
जुन्या बनियनचा बोळा, मशीनच्या तेलाची बाटली.
"पातळ हाय ते तेल," आबा म्हणाले.
"पण आता एका दिवसापुरतं चालंल."

एका दिवसापुरतं. ते मी ऐकलं
आणि नळीतून बोळा ओढत राहिले.

मग ती उडाली.
नखीमागची स्प्रिंग, भाताच्या शिताएवढी,
माझ्या बोटाखालून सटकली
आणि कुठे गेली ते तिलाच माहीत.
पलंगाखाली बॅटरी फिरवली. चपला झाडल्या.
साडीच्या निऱ्या सोडून बघितल्या.
आबा काही बोलेनात. त्यांचे हात बोलत होते,
गादी हलत होती.

उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली आई
मान वर न करता म्हणाली,
"ह्यो काय खडा न्हवं."
चिमटीत तीच.
खडा म्हणून बाजूला काढली होती,
टाकणार होती अंगणात.

"आण इकडं," आबा म्हणाले,
आणि उजवा हात बाहेर काढला.
एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा ती चादरीच्या घडीत पडली.
त्यांनी हात परत मांडीखाली ठेवला,
एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.
"तू बसव. वरून झाक धर हाताची.
सुईनं दाब. घाई नगं, ती घाबरती."

घाबरणारी मी होते. तरी बसली.
नळी, लांब स्प्रिंग, रुळावर स्लाइड.
मागे ओढून सोडली: खट्.
आबांनी डोळे मिटले. "पुन्हा."
खट्.
"पुन्हा."
"डावीकडं जरा घासतंय," म्हणाले,
"पण ते पयल्यापासनंच हाय."

दुसऱ्या दिवशी रहिमतपूर ठाण्यात
हवालदाराने परवाना घेतला, डॉक्टरांचा दाखला घेतला,
नोंदवहीत लिहिलं: पिस्तूल एक, जुने.
आबा काउंटरपाशी उभेच.
"उघडून बघत न्हाई?"
"कशाला काका? परत थोडंच न्यायचंय तुम्हाला."
आबांनी मान हलवली. पिशवीची घडी घातली,
मग घडीची घडी,
आणि ती मला धरायला दिली.

येताना एस.टी.त माझी नखं काळी होती.
मी ती पदराखाली घेतली,
मग का कुणास ठाऊक, पुन्हा बाहेर काढली.

रात्री घेवड्याची आमटी.
आबांनी दोन वाट्या घेतल्या, चमच्याने,
निम्मी शर्टावर.
आईने विचारलं, "तेलाचा वास येतोय का रं आमटीला?"
"येतोय," आबा म्हणाले. "वाढ अजून."